पिशवी, विषाणू आणि पुरावा

जंतूंमुळे कर्करोग होतो का, हा प्रश्न आमच्या महाविद्यालयातल्या मुली आता विचारू लागल्या आहेत. मी प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून तो माझ्याकडे येतो. अलीकडे एकीने तो अधिक नेमका करून विचारला : "मॅडम, अंडाशयाचा कॅन्सरसुद्धा व्हायरसनं होतो म्हणतात, खरं का?" प्रश्न शास्त्राचा आहे आणि त्याचे उत्तर शास्त्रानेच दिले पाहिजे. परंतु हाच प्रश्न आपल्या वस्तीत पोचतो तेव्हा तो शास्त्राचा राहत नाही. तिथे तो 'पिशवीला लागण झालीय, उद्या कॅन्सर होईल, काढून टाका' असा होऊन येतो आणि या एका वाक्यावर बाईच्या पोटावर सुरी चालते. 'सिद्ध झाले आहे', 'शंका आहे' आणि 'तसे काही नाही' या तीन उत्तरांतला फरक म्हणूनच आपल्या बायांना कळणे निकडीचे आहे.

प्रथम शब्दाचा घोळ. आपल्या बोलीत 'पिशवी' हा एकच शब्द आहे; शरीरात मात्र अवयव वेगवेगळे आहेत. गर्भ वाढतो ते गर्भाशय. त्याचे खालचे अरुंद टोक योनीत उतरते, ते गर्भाशयाचे मुख. वर दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशये, आणि अंडाशयातले अंडे गर्भाशयाकडे आणणाऱ्या दोन अंडनलिका. या प्रत्येक ठिकाणचा कर्करोग वेगळा, त्याची कारणे वेगळी, त्याची लक्षणे वेगळी. डॉक्टरने 'पिशवीचा कॅन्सर' म्हटले आणि घरच्यांनी मान डोलावली, की यातला कोणता हे बाईला अखेरपर्यंत कळत नाही. तिला ते कळले पाहिजे असे कुणाला वाटतही नाही.

विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो ही कल्पना नवी नाही. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये पेटन राउस या संशोधकाने कोंबडीच्या गाठीचा पेशीविरहित अर्क दुसऱ्या कोंबडीला टोचून तशीच गाठ निर्माण केली. लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, पंचावन्न वर्षांनी! १९६४ मध्ये युगांडातल्या मुलांच्या जबड्याच्या गाठींत एपस्टाइन-बार विषाणू सापडला. कावीळ करणारा हिपॅटायटिस-बी विषाणू यकृताच्या कर्करोगास कारण होतो हेही पुढे ठरले, आणि तैवानमध्ये १९८४ पासून बाळांना त्याची लस दिल्यावर मुलांमधला यकृताचा कर्करोग खरोखरच कमी झाला. मला हा शेवटचा पुरावा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण हटवले आणि रोग हटला, की वाद संपतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबाबत असेच पूर्ण सिद्ध झालेले आहे. जर्मनीतल्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ आणि १९८४ मध्ये या गाठींतून ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे प्रकार वेगळे काढले. जगातले या रोगाचे १०० पैकी ७० रुग्ण या दोन प्रकारांमुळे होतात. २००८ साली त्सुर हाउझेन यांना नोबेल मिळाले. विषाणू गाठीत सापडतो एवढ्यावर हा निर्णय झालेला नाही, तो काय करतो हेही कळले आहे. आपल्या पेशीत पी-५३ नावाचे प्रथिन पहारेकऱ्याचे काम करते. पेशीतल्या जनुकद्रव्याला इजा झाली तर ते पेशीची वाढ थांबवते, इजा दुरुस्त होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावते. पॅपिलोमा विषाणूचे ई-६ हे प्रथिन या पहारेकऱ्याचा नाश करते आणि ई-७ हे प्रथिन आरबी नावाच्या दुसऱ्या पहारेकऱ्याला निकामी करते. पहारा उठला, की पेशी बेबंद वाढू लागतात. मात्र यासाठी काळ लागतो. बहुतेक बायांच्या शरीरातून हा विषाणू एकदोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. काही थोड्यांच्यात तो ठाण मांडून राहतो आणि साधारणपणे १५ ते २० वर्षांनी कर्करोग होतो. एचआयव्हीची लागण असलेल्या बाईत हा काळ बराच कमी होतो.

हा विषाणू शरीरसंबंधातून येतो, एवढे ऐकले की पुढचे कुणी ऐकून घेत नाही. बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवले जाते. वस्तुतः शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतो. एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून लागू शकतो. पाळीच्या चार दिवसांत जिला बाजूला बसवले, तिच्या शरीराबद्दल घृणा बाळगायला आपला समाज आधीच तयार असतो. त्यात 'लागण' हा शब्द पडला, की लागण म्हणजेच विटाळ असे समीकरण व्हायला वेळ लागत नाही. विटाळ माणसाच्या डोक्यात असतो. विषाणू पेशीत असतो, सूक्ष्मदर्शकाला आणि रसायनाला सापडतो, आणि तो जात किंवा अब्रू पाहून लागत नाही. हा फरक आपल्या कार्यकर्त्यांनी सभेत स्वच्छ शब्दांत सांगायला हरकत नाही.

आता अंडाशय. इथे शंका का आली, ते आधी पाहू. योनीतून वर गर्भाशयात, तिथून अंडनलिकेत आणि तिथून थेट पोटात असा स्त्रीच्या शरीरात एक मोकळा मार्ग आहे. जंतू या मार्गाने वर चढू शकतात. नलबंदीची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांत अंडाशयाचा कर्करोग काही प्रमाणात कमी आढळतो, ही गोष्ट अनेक अभ्यासांतून आलेली आहे. मार्ग बंद केल्याने रोग कमी होत असेल, तर त्या मार्गाने काहीतरी वर जात असले पाहिजे असा तर्क निघतो. शिवाय आज असे मानले जाते, की अंडाशयाचा म्हणून ओळखला जाणारा सर्वांत घातक प्रकार बऱ्याचदा अंडनलिकेच्या टोकाशी सुरू होतो. म्हणून संशोधकांनी या गाठींत पॅपिलोमा विषाणू शोधला, सायटोमेगॅलो विषाणू शोधला. क्लॅमिडिया हा विषाणू नव्हे, जिवाणू. त्याच्या जुन्या संसर्गाच्या खुणा रक्तात असलेल्या स्त्रियांत हा कर्करोग जास्त दिसतो असे काही अभ्यास सांगतात.

पण तर्क आणि पुरावा यांत अंतर आहे. पॅपिलोमा विषाणूचेच घ्या. काही अभ्यासांत बऱ्याच गाठींत तो सापडला, काहींत एकाही गाठीत नाही. एकाच रोगाचे खरे कारण इतके लपंडाव खेळत नाही. गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत तो सापडतोच. ज्या पद्धतीने हे विषाणू शोधतात ती इतकी तीक्ष्ण असते, की प्रयोगशाळेतला बाहेरचा कणही ती पकडते. काही वेळा तर मूळ कर्करोग गर्भाशयमुखाचाच असतो, तो अंडाशयात पसरलेला असतो आणि अंडाशयाचा म्हणून नोंदला जातो. सायटोमेगॅलो विषाणू तर आपल्या देशात बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच. तो गाठीत दिसला यात नवल ते काय? चोरी झाली त्या रात्री गावाबाहेर पाल दिसले म्हणून पालातल्या माणसाला चोर ठरवायची रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. शास्त्रात ती चालत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. गर्भाशयमुखाच्या बहुतेक गाठींत पी-५३ चे जनुक धडधाकट असते, कारण त्याने बनवलेल्या प्रथिनाचा विषाणूच नाश करतो. जनुक बिघडण्याची गरजच पडत नाही. याउलट अंडाशयाच्या त्या घातक प्रकारात हे जनुकच मोडलेले असते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात १०० पैकी ९६ गाठींत ते तसे आढळले. म्हणजे एका घरात पहारेकऱ्याला बाहेरून आलेल्याने मारले आणि दुसऱ्या घरात पहारेकरी आतूनच खचला. ही पॅपिलोमा विषाणूची करणी असावी असे दिसत नाही. जुनी सूज, वारंवार होणारा जंतुसंसर्ग यांनी पेशींना इजा होऊन या बिघाडाला हातभार लागत असेल का, हा प्रश्न उघडा आहे आणि त्यावर काम चालू आहे. जे पक्के ठरले आहे ते असे, की बीआरसीए या जनुकांतला आनुवंशिक दोष असलेल्या कुटुंबांत हा रोग जास्त होतो. बाळंतपणे, अंगावर पाजणे आणि संततिनियमनाच्या गोळ्या यांनी तो कमी होतो. तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर : शंका आहे, सिद्ध झालेले नाही.

हे एवढे बारीक का सांगायचे? कारण 'लागण' आणि 'कॅन्सर' या दोन शब्दांची सैल मोट बांधून मराठवाड्यात काय झाले आहे ते आपण पाहिले आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा! देशभरातले प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. या बाया दलित, भटक्या-विमुक्त, वंजारी अशा सगळ्या कष्टकरी जातींतल्या. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर, कोयता नवरा-बायकोचा मिळून एक, खाडा पडला की दंड, फडात ना संडास ना पाणी. पाळीत घडी बदलायलाही आडोसा नाही. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. ही तक्रार घेऊन बाई गेली, की सोनोग्राफी होते आणि कॅन्सरची भीती घातली जाते.

माझ्या मावशीची पिशवी अशीच बत्तिसाव्या वर्षी काढली. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात तिला सांगण्यात आले, की सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. तपासणीसाठी पेशींचा नमुना घेतला नव्हता. मुकादमाकडून आणखी पैसे उचलून बिल भागवले. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली हे आम्हांला पुढे मी बी.एस्सी.ला असताना तिचे कागद वाचले तेव्हा कळले. तोवर तिचे गुडघे, कंबर गेली होती. रात्री अंगाची लाही होऊन ती अंगणात बसून राही. पाळी नैसर्गिकपणे जाण्याआधी अंडाशये काढली, की हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. मुळीवर मोळी उचलणाऱ्या बाईच्या हाडांचे काय होत असेल ते सांगायला नको.

यातली क्रूर गंमत अशी. अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा बुरशीमुळे, ट्रायकोमोनाससारख्या परजीवीमुळे किंवा योनीतल्या जिवाणूंचा समतोल बिघडल्याने होते. योग्य गोळ्यांनी ते बरे होते. त्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही. आणि जो विषाणू खरोखर कर्करोग करतो, तो पॅपिलोमा विषाणू वर्षानुवर्षे काहीच लक्षण दाखवत नाही. ना दुखणे, ना पांढरे जाणे. म्हणजे जी बाई तक्रार घेऊन जाते तिची पिशवी निघते, आणि जिला खरा धोका आहे ती तक्रारच करत नाही म्हणून तिची तपासणी होत नाही. (अंगावरून सतत घाण वासाचे, रक्ताळलेले पाणी जात असेल, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये. आणि पोट सतत फुगलेले, दोन घासांत भरलेले वाटत असेल, असे आठवडेच्या आठवडे चालले असेल, तर अंडाशय तपासून घ्यावे.)

भारतात एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण होतात आणि जवळपास ८० हजार स्त्रिया मरतात, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा २०२२ सालचा अंदाज आहे. अंडाशयाचे नवे रुग्ण त्याच वर्षी सुमारे ४७ हजार. अंडाशयाचा रोग लवकर पकडून जीव वाचवील अशी चाचणी अजून नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर वर्षानुवर्षे असा प्रयत्न झाला. २०२१ च्या निष्कर्षात मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. गर्भाशयमुखाच्या रोगाला मात्र चाचणीही आहे आणि लसही आहे. चाचणी उपयोगी पडते हे जगाला ज्या ठिकाणी सर्वांत ठळकपणे दिसले, ते ठिकाण म्हणजे आपला उस्मानाबाद जिल्हा, आजचे धाराशिव.

बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधली ती आंतरराष्ट्रीय संस्था यांनी १९९९ पासून या जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गावांचे चार गट पाडले. एका गटाची पॅपिलोमा विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पेशींची तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटाला तपासणी देऊ केलीच नाही. फक्त माहिती सांगितली. निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तपासणी न दिलेल्या गटात ६४. मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. जगभरच्या धोरणांत या आकड्यांचा आधार घेतला जातो.

त्या चौथ्या गटातल्या बायांचे काय? त्याच सुमारास मुंबईच्या वस्त्यांत आणि तमिळनाडूतही असेच तपासणी न दिलेले गट होते. २०१४ साली वैद्यकीय नीतीच्या एका भारतीय नियतकालिकात टीका झाली, की या तीन अभ्यासांतल्या तशा गटांमध्ये मिळून २५४ स्त्रिया मेल्या. संशोधकांचे म्हणणे असे, की देशात तेव्हा तपासणीची सोयच नव्हती, तेव्हा त्यांचे काही काढून घेतले नाही. हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. सोय नव्हती कुणाला? पैसेवाल्या बायांना शहरात ती होतीच. 'इथे काहीच मिळत नाही' ही आपली अवस्था गृहीत धरूनच तो प्रयोग उभा राहिला. तरीही मी त्या अभ्यासाला नाकारणार नाही; त्यातून आलेले ज्ञान खरे आहे आणि त्या बायांनी त्याची किंमत मोजली आहे. अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय तंबाखू-मजूर बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी १९५१ साली तिला न विचारता घेतल्या. एकतिसाव्या वर्षी ती मेली. तिच्या पेशी आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतात आणि त्यांत पॅपिलोमा विषाणूचा १८ क्रमांकाचा प्रकार आहे. तिच्या कुटुंबाने एका कंपनीशी तडजोड केली ती २०२३ मध्ये. शरीर कुणाचे आणि ज्ञान कुणाकडे गेले, हा हिशेब उस्मानाबादलाही लागू आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या शंभरात दोनही भरल्या नाहीत.

पुण्यात तयार झालेल्या लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती द्यावी. मात्र देताना आईबापांना समजावून सांगून संमती घ्यावी. २००९-१० मध्ये आंध्रच्या खम्मम जिल्ह्यात आदिवासी मुलींना ही लस देताना वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या चालवून घेतल्या होत्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली आहे म्हणून गरिबाच्या मुलीला विचारायचे नाही, हा न्याय कुठला?

शस्त्रक्रियेच्या बाबतीतही विचारायचेच आहे. नेमका कोणता अवयव काढणार? अंडाशये ठेवणार की काढणार? पेशींची तपासणी झाली का, तिचा कागद कुठे आहे? आधी औषध देऊन पाहिले का? एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेले नियम राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावेत असा आदेश दिला आहे. या आदेशाची प्रत तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यापुढे ठेवायला कार्यकर्त्याला काहीच अडचण नाही.

तपासणीला फार यंत्रसामग्री लागते ही सबब मात्र कुणी सांगू नये. व्हिनेगरच्या पाहणीत गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक आम्ल लावतात. बिघडलेल्या पेशींचा भाग मिनिटभरात पांढरा दिसू लागतो. उस्मानाबादेत ही पाहणी एकदाच झाली आणि तिचा स्पष्ट लाभ दिसला नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून ती दर दोन वर्षांनी चार वेळा केली, तेव्हा या कर्करोगाचे मृत्यू १०० मागे ३१ ने घटले. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बाया होत्या, त्यांना चार आठवडे शिकवले होते.